पहिल्या पाच ओळी

“दाणा नको हं ताई. कूट नको, दाण्याचं तेल नको, ज्या कालथ्यानं कूट हलवलं असेल तो कालथासुद्धा नको.” कालिंदीबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. “घसा बंद होतो त्यांचा. तासगावात जन्म काढून दाणा न खाल्लेला हा एकच माणूस असेल.”

एवढं बोलून त्या हसल्या आणि हसता हसताच त्यांचा चेहरा विस्कटला. शेजारी चाकांच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते, वाळवेकर सर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दीड महिन्यापूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. जन्मभराच्या शब्दांतला एकच शब्द जिभेवर शिल्लक राहिला होता, ‘हो’. पाणी हवं का म्हटलं तरी हो, नको का म्हटलं तरी हो. नको असलं की डाव्या हातानं समोरची वस्तू लांब सारायचे, आणि तोंडानं मात्र हो, हो, हो.

“म्हणून सांगते, त्यांना विचारून काही देऊ नका,” कालिंदीबाई म्हणाल्या. “ते हो म्हणतील.”

मी मान डोलावली आणि समोरच्या कागदावर टिपून घेतलं.

मिरजेबाहेर शेतांच्या कडेला आमचं केंद्र होतं. अर्धांगवायू झालेली माणसं तिथं महिना-दोन महिने राहायची, व्यायाम करायची, पुन्हा चालायला-बोलायला शिकायची. चोवीस खाटा. मी तिथं नोंदींचं काम बघायची. कोण आलं, काय दुखणं, काय खायचं, काय नाही, हे सगळं लिहून ठेवायचं काम माझं.

जाताना कालिंदीबाई दारातून परत फिरल्या. त्यांना गावी जाणं भाग होतं, घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती. माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघून म्हणाल्या, “तुमच्या देवाला सांगा ना यांच्यासाठी. तुमच्या तोंडाकडे बघून वाटतं, तुमचं तो ऐकत असेल.”

मी हात जोडले. त्या बसला गेल्या.

मग मी सरांचं पान लिहायला बसले.

पान म्हणजे कागदाचं नव्हे. आमच्या डॉक्टर शिरगुप्प्यांनी वर्षभरापूर्वी सगळ्या वह्या कपाटात बंद करून एक ॲप आणलं होतं. त्यात प्रत्येक माणसाचं एक पान, आणि स्वयंपाकघराचं रोजचं एक पान. स्वयंपाकघराच्या पानावर चोवीस नावं निळ्या अक्षरांत. नावाला बोट लावलं की त्या माणसाचं पान उघडायचं. पण बोट नुसतं दाबून धरलं, तर पान न उघडताच एक छोटी चौकट वर तरंगून यायची आणि तिच्यात त्या पानाच्या वरच्या ओळी दिसायच्या. बोट उचललं की चौकट गायब.

स्वयंपाकघर भारती कोष्टीच्या हातात होतं. चाळिशीची, ठसठशीत, सदा कुणाची तरी थट्टा करणारी. तिचे हात एक तर पिठाचे नाही तर तेलाचे. पान उघडायचं, वाचायचं, परत मागं यायचं, एवढा घाट तिला परवडायचा नाही. ती करंगळी तेवढी पदराला पुसून नाव दाबून धरायची.

“मी आपली डोकावते ताई,” ती म्हणायची. “कुणाच्या घरात शिरायचं कशाला? दारातनं बघितलं तरी कळतंय, चूल पेटलीय का नाही.”

आणि कळायचंही. नाव, वय, मग लगेच पथ्य. गोड बंद, मीठ कमी, पातळ खाणं. चौकटीत सगळं मावायचं.

लहानपणापासून माझी एक सवय होती. कोरा कागद समोर आला की आधी वर ‘श्री’ लिहायची. वाण्याची यादी असो की परीक्षेचा पेपर, श्रीशिवाय हात पुढं जायचा नाही. ॲपमध्येही मी तेच करत होते. डॉक्टर हसले होते, पण नको म्हणाले नव्हते. भारती म्हणायची, “तुमचं पान लांबनं ओळखू येतंय ताई. कपाळाला कुंकू लावलेलं असतंय.”

त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोरून कालिंदीबाईंचा चेहरा हलत नव्हता. मी श्री लिहिली. खाली श्री गणेशाय नमः लिहिलं. त्याखाली श्री कुलस्वामिनी प्रसन्न. मग मिती घातली, मार्गशीर्ष वद्य दशमी. आणि मग लिहिलं, ‘वाळवेकर सरांची वाचा परत यावी, ही चरणी प्रार्थना.’

त्याखाली सरांचं नाव, वय, गाव. दुखण्याची हकिकत. ‘हो’चा खुलासा. आणि त्याखाली, ‘शेंगदाणा पूर्ण वर्ज्य. जिवाला धोका.’ ही ओळ मी ठळक केली, लाल केली. तेवढ्यानंही समाधान झालं नाही म्हणून पुढं तीन उद्गारचिन्हं दिली.

भारती तोवर घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी एकादशी. एकादशीला उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत माझं मौन असायचं. माझ्या सासूबाईंनी जाताना हा नेम माझ्या ओटीत घातला होता आणि तो मी एकोणीस वर्षं सांभाळला होता, घरची दोन लग्नं आणि एक मर्तिक यांतसुद्धा. उद्या बोलता येणार नाही, तर आजच भारतीला एक फोन करावा, असं मनात आलं. फोन हातातही घेतला. पण लिहिलंय की, लाल अक्षरात लिहिलंय, असं वाटलं. दिवेलागण झाली होती आणि माझा जप व्हायचा होता. फोन खाली ठेवला.

सकाळी साडेसातला मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. गळ्यात मौनाची पाटी, लहान मुलांची असते तशी, दोरीत ओवलेली. परातीत साबुदाणा मोकळा करून ठेवलेला, कढईत तुपावर जिरं तडतडत होतं. एकादशीला नाष्ट्याला सगळ्यांना खिचडी, हा आमच्याकडचा शिरस्ता. कुणाला नाही चालली तर भारती रव्याचा उपमा करायची.

ती ओट्याशी वाकून टॅबलेट बघत होती. करंगळी सरांच्या नावावर दाबलेली. चौकट वर आलेली मला दारातून दिसली. अक्षरं दिसत नव्हती.

मी दाराची कडी वाजवली. तिनं वर बघितलं. मी टॅबलेटकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या, वाचलंस?

“बघितलं की,” ती म्हणाली. “नवीन सर ना? लई मनापासनं लिवलंय ताई तुम्ही. मी पण हात जोडले बघा.” आणि खरंच तिनं पिठाचे हात जोडून दाखवले.

माझं समाधान झालं. ‘मनापासनं’ हा शब्द मला खटकायला हवा होता. पथ्य कुणी मनापासनं लिहितं का? पण तेव्हा तो कानाला गोडच लागला. मी हसून मान डोलावली आणि कचेरीत जाऊन बसले.

कचेरीची खिडकी व्हरांड्याकडे उघडायची. सव्वाआठला खुर्च्या ओळीनं लागल्या, वाट्या आल्या. भरवणाऱ्यांतली एक मावशी आली नव्हती, म्हणून भारती स्वतः सरांसमोर स्टूल घेऊन बसली.

“सर, खिचडी चालते ना?”

“हो,” सर म्हणाले.

“तिखट नाही केलेली.”

“हो, हो.” त्यांच्या डाव्या हातानं वाटी लांब सारली.

“आता काय म्हणायचं याला? तोंडानं हो म्हणता आणि हातानं ढकलता? आमच्या धाकट्यासारखं झालं.” शेजारचे दोघं-तिघं हसले. भारतीनं वाटी पुन्हा जवळ ओढली. “एक घास माझ्या नावाचा. मग बघू.”

“हो! हो! हो!”

तिसऱ्या ‘हो’ला मी मान वर केली. खिडकीतून वाटी स्वच्छ दिसत होती. पांढरा साबुदाणा, आणि त्यात सगळीकडे तांबूस कूट.

मी उठले. ओरडायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही. हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. मला व्रत मोडायचं नव्हतं असं नाही. तो विचार करायला वेळच कुठं होता? ओठ उघडले, पण आतून कुणी तरी कडी घातल्यासारखं झालं. एकोणीस वर्षं दर एकादशीला जे दार मी बंद करत आले, ते वेळेला उघडलंच नाही. मी टाळ्या वाजवल्या. जोरानं, दोनदा, तीनदा.

भारतीनं खिडकीकडे बघितलं आणि हसली. “तुमची वेगळी काढून ठेवलीय हो ताई! धीर धरा!”

आणि वळून तिनं चमचा सरांच्या तोंडात घातला.

मी व्हरांड्यात पोचेपर्यंत दुसराही गेला होता. मी तिच्या हातावर फटका मारला. चमचा उडाला, वाटी उपडी झाली. ती थक्क होऊन माझ्याकडे बघत राहिली. मी पाटीवर लिहायला गेले आणि पेन्सिल हातातून पडली. तोवर लिहायची गरजही उरली नव्हती. सरांचे ओठ सुजायला लागले होते. गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. डाव्या हातानं ते खुर्चीचा दांडा आपटत होते.

“डॉक्टर!” ही हाक भारतीनं मारली. मी नव्हे.

डॉक्टर शिरगुप्पे धावत आले. त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, प्राणवायू लावला, दहा मिनिटांत गाडी बोलावली आणि सरांबरोबर स्वतः गावातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. गाडीचं दार लागताना सरांचे डोळे मला दिसले. उघडे होते.

साडेनऊला केंद्र चिडीचूप झालं. भारती स्वयंपाकघरात खाली बसली होती. “काय झालं ताई? काय घातलं मी त्यांना?” असं तिनं मला दोनदा विचारलं. मी पाटीवर ‘दाणे’ लिहिलं. तिनं ते वाचलं आणि भांड्यांच्या मांडणीला डोकं टेकलं.

मी कचेरीत आले. संगणकावर स्वयंपाकघराचं पान उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भारतीसारखी डोकावले. सरांच्या नावावर बाण नेऊन ठेवला. चौकट वर आली.

श्री.

श्री गणेशाय नमः.

श्री कुलस्वामिनी प्रसन्न.

मार्गशीर्ष वद्य दशमी.

वाळवेकर सरांची वाचा परत यावी, ही चरणी प्रार्थना.

आणि खाली तीन टिंबं. बस्स. नाव नाही, दुखणं नाही, लाल ओळ नाही. एरवी माझी एकटी श्री वर असायची आणि खाली चार ओळी पथ्याला उरायच्या. काल मी पाचही ओळी देवाला दिल्या होत्या.

किती वेळ बघत बसले ते आठवत नाही. हे मात्र आठवतं की खोलीत कुणी नव्हतं. मी पान उघडलं. खालची लाल ओळ उचलली आणि श्रीच्या वर, सगळ्यांत वर नेऊन ठेवली. परत मागं येऊन नावावर बाण नेला. चौकट आली. ‘शेंगदाणा पूर्ण वर्ज्य. जिवाला धोका.’ पहिलीच ओळ, लालभडक.

पुन्हा कुणाची चूक होऊ नये म्हणून हे केलं, असं मी मनाशी म्हटलं. पण ते म्हणताना मी दोनदा वळून दाराकडे बघितलं. पुढच्यांची काळजी करणारा माणूस असं दाराकडे बघत नाही.

अकरा वाजता डॉक्टर परतले. सदऱ्याला घाम, चष्मा हातात. “घशात नळी घातलीय,” ते म्हणाले. “चोवीस तास काही सांगता येणार नाही. वाळवेकर बाई वाटेत आहेत. त्यांचा भाऊ तिथं पोचलाय. त्याला नाव हवंय. कुणी भरवलं त्याचं नाव. पोलिसांत जाणार म्हणतोय.”

त्यांनी भारतीला कचेरीत बोलावलं. मी माझ्या जागेवर बसले होते. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं. अकरा वाजून वीस मिनिटं.

“भारतीताई, सकाळी यांचं पान बघितलं होतं का?”

“बघितलं होतं सर. डोकावले होते.”

डॉक्टरांनी टॅबलेट तिच्यासमोर धरला आणि सरांचं नाव दाबलं. “हे दिसलं नाही तुम्हाला?”

भारती पुढं वाकली.

“हे नव्हतं,” ती म्हणाली.

“नव्हतं म्हणजे?”

“देवाशपथ नव्हतं सर. देवाचं होतं वर. गणपतीचं, कुलस्वामिनीचं. सरांची वाचा येऊ दे म्हणून लिवलेलं. मी हात जोडले की! ताईंनी बघितलं. ताई, सांगा की.”

दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

“त्यांना यात ओढू नका,” डॉक्टर म्हणाले. “त्यांचं मौन आहे बारापर्यंत.” आणि मग, मला त्रास नको म्हणून, अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, “ताई, एवढंच लिहा. ही ओळ तुम्ही काल लिहिली होती ना?”

काल लिहिली होती का? लिहिली होती. लाल केली होती, ठळक केली होती.

मी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, ‘हो’.

भारतीनं ते वाचलं. तिच्या तोंडावरचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी दुसरंच काही तरी आलं. ती स्वतःच्याच डोळ्यांकडे संशयानं बघते आहे, असं मला वाटलं.

“ताई हो म्हणतात म्हणजे असणारच,” ती म्हणाली. “सकाळी धा कामं असतात सर. कढई चुलीवर. माझंच काय तरी बिघडलं असंल.” तिनं डोक्याचा रुमाल सोडला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. “डाळ तेवढी उतरवून जाऊ का? बाकीच्यांना जेवायचंय.”

“जा,” डॉक्टर म्हणाले. त्यांनाही हे आवडत नव्हतं. ते कागद पुढं ओढून लिहायला लागले.

पावणेबाराला पाच मिनिटं कमी असताना भारती परत आली. हातात झाकलेलं ताट. दर एकादशीला ती माझं ताट वेगळं काढायची, बारा वाजता गरम आणून द्यायची. आज लवकर आणलं होतं, कारण बारा वाजता ती तिथं असणार नव्हती.

“वरीचा भात हाय, आमटी हाय,” तिनं झाकण उचलून दाखवलं. “आमटीत दाणा हाय ताई. तुम्हाला चालतो ना? आता विचारूनच देते सगळ्यांना.”

मी तिच्याकडे बघितलं नाही.

“बारा वाजता खावा. गार झाली की आमटी घट्ट होते.” जाताना ती थांबली. “आणि मघाशी ‘ताई, सांगा की’ म्हणाले ते मनात ठेवू नका. तुमचं व्रत मोडायला लावणार होते मी. कसलं पाप लागलं असतं.”

ती पिशवी घेऊन व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत गेली. डॉक्टरांनी फोन कानाला लावला.

अकरा बेचाळीस. अठरा मिनिटं. मनात हिशेब मांडून झाला होता. बारा वाजले की बोलायचं. नेमही राहील आणि खरंही सांगून होईल. अठरा मिनिटांनी कुणाचं काय जातंय?

“हां, नमस्कार. केंद्रातून शिरगुप्पे बोलतोय,” डॉक्टर म्हणत होते. “हो, नाव देतो. लिहून घ्या. भारती...”

“थांबा,” मी म्हटलं.

आवाज माझा वाटला नाही. घोगरा, फुटका आवाज. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“तिला दिसलं नव्हतं,” मी म्हटलं. “ती सांगते तेच खरं आहे. लाल ओळ खाली होती. चौकटीत देवाचंच होतं सगळं. मी लिहिलेलं. सरांना नेल्यावर मी ती ओळ वर नेली.”

“तुम्ही वर नेली?”

“हो.”

“मग मघाशी पाटीवर...”

“तुम्ही विचारलंत, काल लिहिली होती का. काल लिहिली होती. कुठं लिहिली होती, ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला. तो चालूच होता, पलीकडून कुणी तरी हॅलो, हॅलो म्हणत होतं. त्यांनी संगणकावर सरांचं पान उघडलं आणि कुठं कधी काय बदललं त्याची यादी काढली. ॲपमध्ये तशी यादी असते, हे मला माहीतच नव्हतं. सकाळी नऊ एक्केचाळीस. माझं नाव. ओळ हलवली.

भारती पायऱ्यांवरून परत आली होती. दाराच्या चौकटीला धरून ती खाली बसली, सकाळी मांडणीपाशी बसली होती तशीच.

“म्हणजे माझे डोळे शाबूत हायत,” ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले. तिनं हात पुढं करून मला थांबवलं. ढकललं नाही, नुसतं थांबवलं.

“ताई, तुम्ही पाटीवर हो लिवलंत. मी तुमच्या ‘हो’वर माझ्या स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं. तुम्ही खोटं बोलला असता तर एवढं वाटलं नसतं.”



“हॅलो,” डॉक्टरांनी फोन उचलला होता. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “मग कुणाचं नाव देऊ?”

“माझं,” मी म्हटलं. “पूर्ण नाव सांगा. हेमलता यशवंत तारळेकर.”

“आणि माझंही,” ते फोनमध्ये म्हणाले. “चौकटीत पाचच ओळी दिसतात, हे मलाच ठाऊक नव्हतं. वर्षभर मीच सगळ्यांना सांगत आलो, उघडायची गरज नाही, नुसतं डोकावा.”

दुपारी मी दवाखान्यात गेले. आमटीचं ताट झाकलेलंच राहिलं. काचेपलीकडे सर झोपलेले, नळी तशीच. बाहेरच्या बाकावर कालिंदीबाई. त्यांचा भाऊ अंगावर धावून आला, त्यांनी त्याला हातानं मागं सारलं. मी त्यांच्या समोर उभी राहून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, फोन हातात घेऊन खाली ठेवला होता तेसुद्धा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “काल मी सांगितलं तेव्हा तुम्ही हात जोडलेत. मला वाटलं, झालं, आता काळजी नाही. तुम्ही हात जोडले नसतेत तर मी स्वयंपाकघरात जाऊन सांगून आले असते.”

मी रात्रभर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले. त्यांनी मला जा म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सरांची नळी निघाली. नर्सनं विचारलं, “बरं वाटतंय का?” सर म्हणाले, “हो.” कालिंदीबाईंनी त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो चादरीवर शांत पडला होता. तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

तक्रार झाली नाही. का झाली नाही, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी केंद्र सोडलं. डॉक्टर थांबा म्हणाले, पण मलाच त्या खिडकीशी बसवेना. भारती अजून तिथंच आहे. आता प्रत्येक पानाची पहिली ओळ पथ्याची असते आणि भारती पान उघडून शेवटपर्यंत वाचल्याखेरीज चूल पेटवत नाही. डोकावणं तिनं सोडलं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. बाकीचे नेम चालू आहेत. पहाटेचा जप आहे, गुरुवारचा उपास आहे, एकादशी आहे. मौन नाही. एकादशीला सकाळी दहाच्या सुमाराला भारतीचा फोन येतो. मुद्दाम त्याच वेळेला करते.

“बोलताय ना ताई?”

“बोलतेय.”

“मग ठेवते. डाळ उतरवायचीय.”

तेवढंच बोलणं. तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. फोन येतो.

लिहिणंही चालू आहे. वाण्याची यादी, पत्रं, शेजारच्या मुलींचे अर्ज. कोरा कागद समोर आला की हात अजून आधी वरच्या बाजूला जातो. मी तो खाली आणते. जे सांगायचं ते आधी लिहिते. श्री आता पानाच्या तळाशी घालते, जागा उरली तर.